धुळाक्षरे, सट्टांपिळ्ळै आणि इंग्रजीचा पहिला धडा : पापनाशम-तंजावर परिसराचा एक इतिहास



तमिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावे आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, ताम्रपर्णीच्या काठी. दुसरे तंजावर जिल्ह्यात, तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या रस्त्यावर. या टिपणात आपल्याला दुसऱ्या पापनाशमशी काम आहे. गाव तालुक्याचे आहे, पण मोठे नाही. चहूकडे भाताची खाचरे आणि कावेरीचे फाटे. जवळच तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड कोठार उभे आहे. भात साठवण्यासाठी बांधलेली ही घुमटाकार इमारत पाहिली की या मुलखाची श्रीमंती कशात होती ते वेगळे सांगावे लागत नाही.

शिक्षणाच्या इतिहासात कोठाराचे काय काम, असे तुम्ही विचाराल. काम आहे. या मुलखात भात पिके म्हणून देवळे, अग्रहारे आणि छत्रे चालत. त्यांच्या आधाराने पंडित आणि शिक्षक पोसले जात. १८२२ साली मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टरकडून शाळांची माहिती मागवली. तंजावर जिल्ह्याच्या उत्तरात ८८४ शाळा आणि १०९ उच्च पाठशाळा नोंदलेल्या आहेत. या शाळांत मुली जवळजवळ नव्हत्याच, आणि ज्यांच्या श्रमावर ते भात पिकत होते त्या शेतमजूर जातींची मुलेही ओट्याखालीच राहिली. हे ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे.

आपला प्रश्न साधा आहे. ज्या मुलाच्या घरात, गल्लीत, बाजारात इंग्रजीचा एक शब्द कानावर पडत नाही, त्याला इंग्रजी शिकवायचे कसे? आज या प्रश्नावर पुस्तके आहेत, अभ्यासक्रम आहेत, कार्यशाळा आहेत. पण तंजावरच्या परिसराने हा प्रश्न दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता. त्या खटपटीत मराठी भाषेचाही वाटा होता.

ओट्यावरची शाळा

तमिळमध्ये घराच्या दर्शनी ओट्याला तिण्णै म्हणतात. त्या ओट्यावर भरणारी शाळा ती तिण्णै शाळा. गुरुजी एक, मुले पंचवीस-तीस, सगळी वेगवेगळ्या वयांची आणि वेगवेगळ्या पायरीवरची. नवे मूल आले की जमिनीवर वाळू पसरायची, गुरुजींनी किंवा मोठ्या मुलाने त्याचे बोट धरून अक्षर गिरवायचे, आणि अक्षर काढता काढता त्याचा उच्चार मोठ्याने करायचा. पुष्कळ महिन्यांनी ताडपत्र आणि लोखंडी लेखणी हाती येई. मोठ्या, हुशार मुलाला सट्टांपिळ्ळै म्हणत. गुरुजी नसताना शाळा तो चालवी, लहानांचा धडा तो घेई, आणि वेळप्रसंगी छडीही तोच चालवी.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. एखाद्या गोष्टीची सुरुवात करणे याला आपण अजूनही ‘धुळाक्षरे गिरवणे’ म्हणतो, ती धूळ हीच. पिएत्रो देल्ला वाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ साली कर्नाटकात काही मुले एका देवळाच्या पडवीत बसून वाळूवर अंक लिहीत आणि एका सुरात म्हणत असलेली पाहिली होती. शिक्षक तिथे नव्हता, मुलेच एकमेकांना शिकवत होती. त्याला त्याचे फार नवल वाटले.

पापनाशमजवळच्या उत्तमदानपुरम या खेड्यातले, १८५५ साली जन्मलेले उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनीही आपले पहिले शिक्षण ओट्यावरच्या गुरूंकडेच घेतले. पुढे त्यांनी प्राचीन तमिळ ग्रंथांच्या पोथ्या शोधून छापल्या. त्यांच्या आत्मचरित्रात एक मजेदार आठवण आहे. इंग्रजी शिकलास तर या जगात सुख मिळेल, संस्कृत शिकलास तर परलोकात, असे आप्तेष्ट त्यांना सांगत. त्यांचे मन मात्र तमिळवर जडलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी म्हणजे ‘या जगातले सुख’ हे समीकरण या खेड्यांपर्यंत पोचले होते, हे यातून कळते. ते पोचले कसे?

दुभाष्याला वगळण्याची योजना

१७८० च्या दशकात तंजावर दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता जॉन सलिव्हन. (उटी वसवणारा जॉन सलिव्हन तो हा नव्हे, नावे सारखी असल्याने परीक्षेत हमखास घोटाळा होतो.) कंपनीचे अधिकारी आणि इथली माणसे यांच्यात सगळा व्यवहार दुभाष्यांमार्फत चाले, आणि मधल्या मध्ये बरेच काही मुरे. इथल्या मुलांना इंग्रजी शिकवले तर हा मधला माणूस गळेल, असा सलिव्हनचा हिशेब होता. त्याला साथ दिली ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने. तंजावर, रामनाथपुरम आणि शिवगंगा इथे इंग्रजी शाळा निघाल्या, आणि १७८७ साली कंपनीच्या संचालकांनी प्रत्येक शाळेला वर्षाला २५० होन मंजूर केले. मेकॉलेचा प्रसिद्ध ठराव १८३५ चा. म्हणजे त्याच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी, राज्य मराठ्यांचे, शिक्षक जर्मन, विद्यार्थी मुख्यतः बड्या घरचे, आणि विषय इंग्रजी, असा हा मामला सुरू झाला होता.

श्वार्ट्झ स्वतः भाषा कशा शिकला ते पाहण्याजोगे आहे. तो आधी तमिळ शिकला. तंजावर दरबाराशी बोलता यावे म्हणून मराठी शिकला. फारसी आणि हिंदुस्थानीही त्याला येत. इंग्रजी ही त्याचीसुद्धा मातृभाषा नव्हती. मला स्वतःला ही बाब महत्त्वाची वाटते. जो शिक्षक स्वतः धडपडत परकी भाषा शिकला, त्याला विद्यार्थी कुठे अडखळेल हे आधीच ठाऊक असते.

एग्मोरची वाळू

आता थोडे मद्रासला जाऊ. १७८९ साली एग्मोर इथे सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम सुरू झाला. त्याचा प्रमुख होता अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री. मुलांचे बाप युरोपीय सैनिक, आया बहुतेक इथल्या. मुलांना वाचन-लेखन इंग्रजीत शिकवायचे होते आणि पगारी शिक्षकांना ते साधत नव्हते. एके दिवशी फिरायला गेला असता बेलने एका देशी शाळेत मुलांना वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. परतल्यावर त्याने आपल्या शिक्षकांना तसेच शिकवायला सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा बेलने ते काम जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे सोपवले, आणि ज्या वर्गाला पगारी माणूस अक्षरे शिकवू शकत नव्हता त्याला त्या पोराने ती शिकवली.

इथे क्षणभर थांबून विचार करा. यात नेमके काय साधले? वाळूतले अक्षर चुकले तर हाताने पुसता येते. चुकीची खूण मागे राहत नाही, कागद वाया जात नाही, कोणी लाल रेघ मारत नाही. अक्षराचा आकार, हाताची हालचाल आणि तोंडातला ध्वनी एकाच वेळी पक्के होतात. आणि शिकवणारा मुलगा कालच तिथून पुढे गेलेला असतो, त्यामुळे आपण कुठे अडलो होतो ते त्याला आठवते. मोठ्या माणसाला ते आठवत नाही. मी गेली अनेक वर्षे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. प्रमेयाच्या ज्या पायरीवर वर्ग अडतो ती मला बरेचदा वर्ग सुटल्यावर, मागच्या बाकावर एक मुलगी दुसरीला मराठीत समजावताना ऐकू येते तेव्हा कळते.

बेलने १७९७ साली लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तिका छापली. तिथे या रीतीला ‘मद्रास पद्धत’ नाव पडले आणि जोसेफ लँकॅस्टरच्या तशाच पद्धतीबरोबर ती इंग्लंडभर पसरली. पण प्रवासात तिचे रूप पालटले. ओट्यावर वीस-पंचवीस मुले होती, इंग्लंडच्या गिरणगावांत एका दालनात शेकडो बसवली गेली. स्वस्तात गर्दी हाताळण्याचे ते यंत्र झाले. सट्टांपिळ्ळैची छडी तेवढी सगळीकडे टिकली, त्याची बोट धरण्याची माया कमी होत गेली. कोणतीही शिक्षणपद्धती उचलताना तिच्यामागची मोजमापे सोडून दिली तर काय होते, याचे हे जुने उदाहरण आहे.

सरफोजींचा धडा

आता पुन्हा तंजावर. १७८७ च्या जानेवारीत तुळजाजी महाराजांनी मरणाच्या थोडेच दिवस आधी नऊ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. हेच पुढचे दुसरे सरफोजी. गादी मात्र तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांच्याकडे गेली आणि मुलगा जवळजवळ कोंडल्यासारखा राहिला. शिकवायलाही धड कोणी नव्हते. श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे याबद्दल तक्रार केली, आणि अखेर १७९३ च्या सुमारास मुलाला मद्रासला हलवले. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याने त्याच्या शिक्षणात लक्ष घातले. १७९८ साली सरफोजी गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेले, पापनाशमही त्यात गेले. राजाकडे उरले ते किल्ला, पेन्शन, छत्रे आणि सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह.

राज्य गेलेल्या राजाने मग शाळा, दवाखाना आणि छापखाना यांत मन घातले. इथे आपल्या विषयाचा गाभा आहे. सरफोजींचे स्वतःचे इंग्रजी उत्तम होते. बिशप हेबर १८२६ च्या मार्चमध्ये त्यांना भेटला तेव्हा राजा लाव्हॉझिए, लिनीअस, ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो आणि शेक्सपिअरवर मत मांडतो, हे पाहून तो थक्क झाला. असा माणूस नवी विद्या शिकवायला निघाला तर सगळे इंग्रजीतच करील असे वाटेल. सरफोजींनी तसे केले नाही.

त्यांच्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. इसापच्या गोष्टी इंग्रजीवरून मराठीत आणून देवनागरी खिळ्यांनी छापलेल्या. कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपुरात छापले गेले १८०५ साली, आणि मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आली १८२८ साली. म्हणजे मुंबई-पुण्याच्या बावीस वर्षे आधी कावेरीच्या काठी मराठी मुलासाठी इसाप छापून झाला होता. शालेय इतिहासात याचा उल्लेख क्वचितच येतो. मराठी छपाईचा इतिहास म्हटला की आपली नजर सह्याद्रीच्या पूर्वेला फारशी जात नाही.

गोष्टींची निवडही पाहा. कोल्हा, करकोचा, सिंह, उंदीर, ही मंडळी पंचतंत्रामुळे मुलाच्या ओळखीची. गोष्ट आधी मराठीत कळली, तर तीच इंग्रजीत वाचताना मुलाला अर्थ आणि शब्द अशी दोन्ही ओझी एकदम उचलावी लागत नाहीत. तंजावरच्या एखाद्या मुलाने अशी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली असतील की नाही ते मी सांगू शकणार नाही. पण पुस्तक ज्या क्रमाने तयार झाले तो क्रम शिक्षकाने समजून घेण्यासारखा आहे.

दुसरे उदाहरण याहून धीट आहे. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरव जातीची भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात पाहते, आपल्या देशाचे, डोंगरांचे, नद्यांचे वर्णन गाते. सरफोजींनी ‘देवेंद्र कोरवंजी’ नावाचे नाटक मराठीत रचले. त्यात ही बाई इंद्राणीपुढे येते आणि वर्णन करते ते जगाच्या भूगोलाचे, युरोपीय नकाशांतून आलेल्या खंडांचे आणि देशांचे. प्रकार तमिळ, भाषा मराठी, माहिती युरोपीय. ऐकणाऱ्याला गाण्याची चाल, पात्र आणि प्रसंग आधीपासून ठाऊक. नवे काय, तर फक्त भूगोल. एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवायची आणि बाकीचे सगळे ओळखीचे, ही युक्ती वर्गात वापरून पाहिलेल्या प्रत्येक शिक्षकाला तिची किंमत कळते. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले की पहिल्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते, दोन भाषा एकमेकींची जागा अडवत नाहीत. तंजावरच्या राजाने सिद्धांत मांडला नाही. त्याने नाटक लिहिले.

श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला. सरफोजींनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले, ते तंजावरच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आहे. मरणशय्येवरच्या गुरूजवळ राजा उभा आहे असे ते शिल्प. आणि समाधीच्या दगडासाठी राजाने स्वतः इंग्रजीत कवितेच्या ओळी लिहिल्या. भारतीय माणसाने इंग्रजीत केलेल्या अगदी आरंभीच्या कवितांत त्या मोजल्या जातात. ज्याच्याकडून भाषा शिकली त्याच्यासाठी त्याच भाषेत लिहिणे, हे भाषा अंगी मुरल्याशिवाय होत नाही.

दार अरुंद होते तेव्हा

पुढचे वळण वेगळे आहे. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग याने सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरवले. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव हे तंजावरी मराठी ब्राह्मण त्याच सुमारास मद्रासच्या हायस्कुलात शिकत होते. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्यासारख्यांचे यश पाहिल्यावर गावोगावच्या बापांना दुसरे काही सांगावे लागले नाही. १८५४ साली कुंभकोणमला सरकारी शाळा निघाली, तिचे पुढे कॉलेज झाले. पापनाशमहून ते फार लांब नव्हते. इंग्रजी आता राजवाड्यातली आवड राहिली नाही. ती परीक्षेची पायरी झाली, आणि मातृभाषेतून चढण्याची शिडी हळूहळू काढून घेतली गेली. वाळू गेली, पाटी आली, मग कागद आला, आणि कागदावर गुण आले.

या बदलाची किंमत काय, हे सांगायला कुंभकोणमचाच एक विद्यार्थी पुरेसा आहे. श्रीनिवास रामानुजन. १८९७ च्या प्राथमिक परीक्षेत इंग्रजी, तमिळ, भूगोल आणि अंकगणित या विषयांत तो जिल्ह्यात पहिला आला होता. टाउन हायस्कूलमधून बाहेर पडून १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन सरकारी कॉलेजात गेला, आणि इंग्रजी निबंधात नापास झाल्याने ती शिष्यवृत्ती गमावली. त्याला इंग्रजी येत नव्हते असे नाही, कारचे गणिताचे इंग्रजी पुस्तक तर तो कोळून प्याला होता. त्याला निबंधात रस नव्हता, आणि व्यवस्थेला गणितात नव्हता. घरची परिस्थिती अशी की शिष्यवृत्ती गेली म्हणजे कॉलेजच गेले. रामानुजनला पुढे हार्डी भेटला. ज्यांना कोणी भेटले नाही त्यांची नावे आपल्याकडे नाहीत.

माझ्या वर्गात दरवर्षी काही मुले येतात, मराठी शाळेतून आलेली, बारावीला गणितात नव्वदच्या पुढे. पहिल्या सहा महिन्यांत ती एक प्रश्नही विचारत नाहीत. सुरुवातीच्या काही वर्षांत मी वर्गात फक्त इंग्रजीत बोलायचे असा नियम केला होता आणि त्याचा मला अभिमानही होता. त्या वर्षांत वर्ग फार शांत असे. ती शांतता शिस्तीची आहे अशी माझी समजूत होती.

अलीकडच्या काळात तमिळनाडूच्या सरकारी प्राथमिक शाळांत एक जुनी ओळखीची गोष्ट पुन्हा दिसली. २००३ साली चेन्नई महापालिकेच्या काही शाळांत कृतीवर आधारित शिक्षण सुरू झाले आणि पुढे राज्यभर नेले गेले. मुले जमिनीवर गोल करून बसत, भिंतीवर त्यांच्या उंचीला फळा असे, धड्यांची कार्डे पायरीपायरीने घ्यायची असत, आणि वेगवेगळ्या वयांची मुले एकमेकांना मदत करत. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या प्रयोगावरून हे घेतले असे सांगतात, ते खरेच आहे. तिण्णै शाळेची आठवण मात्र कोणी काढत नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तिथेही पहिल्या वर्षी मुलाने ऐकावे, गाणी म्हणावीत, हातवारे करावेत, लिहायची घाई नको, असेच शिक्षकांना सांगितले जाते. किती वर्गांत ते घडते हे तुम्ही तुमच्या आठवणीवरून ठरवा.

स्वाध्याय : तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या सत्तरीच्या पुढच्या दोन व्यक्तींना विचारा, तुम्ही पहिले अक्षर कशावर काढले, कोणी बोट धरले, आणि इंग्रजीचा पहिला शब्द कोणता व तो कोणी कसा शिकवला. यांतली एक व्यक्ती शाळेत न गेलेली असली तर उत्तम. त्यांनी ज्या भाषेत सांगितले त्याच भाषेत उत्तरे लिहून काढा, आणि मगच त्यांचा एक पानाचा सारांश इंग्रजीत करा.